तिसरी पिन लावलीत का?

चाकांवरचं घर घेऊन वीकएंडला कर्जत-खालापूरला निघालायत? रेनकोट, प्लेलिस्ट आणि मॅगीची पाकिटं तर घ्यालच. पण एक गोष्ट कॅम्पवर पोचल्यावर शोधायची आहे. ती स्विचबोर्डाच्या मागे असते. किंवा नसते!

‘‘अगं, या गाडीला हात लावला की मुंग्या येतायत.’’

आई हे अगदी सहज म्हणाली. मोगऱ्याला कळ्या आल्यात, या चालीवर. मी तेव्हा व्हॅनच्या आत इंडक्शनवर कांदा परतत होते. नवरा बाहेर खुर्च्या मांडत होता. सहा वर्षांची भाची चप्पल भिरकावून चिखलात नाचत होती. मृगाचा पाऊस तासाभरापूर्वी पडून गेला होता आणि समोरच्या डोंगरावर ढग उतरत होते. फोटो काढावा असा सीन होता, आणि मी तो काढलाही होता.

मी आतूनच म्हणाले, ‘‘आई, दिवसभर पाय लटकवून बसलीस ना, म्हणून येतायत.’’

‘‘पायाला नाही गं. हाताला!’’

तेवढ्यात भाची दाराच्या दिशेनं पळत निघाली. अनवाणी, ओली. दाराशेजारचा स्टीलचा दांडा धरून वर चढायचं, हा तिचा त्या संध्याकाळचा आवडता खेळ होता. नवऱ्यानं तिला मध्येच उचललं. त्याला नेमकं काय झालंय ते कळलं नव्हतं, पण ‘मुंग्या’ हा शब्द त्यानं ऐकला होता. मी इंडक्शन बंद केला आणि तशीच उभी राहिले. पुढे काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. कारण वीज मीच जोडली होती. आणि जोडताना स्वतःवर जाम खूश होते.

चाकांवरचं घर

कॅम्पर व्हॅनचं फॅड आपल्याकडे आता चांगलंच रुजलंय. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमची त्यावर तासभर चर्चा झाली होती. या गाड्या उभ्या करायला कॅराव्हॅन पार्क असावेत आणि तिथे पाणी, रस्ता, वीज अशा सोयी असाव्यात, अशी त्यातली कल्पना. पण आपण वीकएंडवाले जातो कुठे? कुणाच्या तरी शेतावर, नदीकाठी, जिथे आधीपासून तंबूंचा कॅम्प चालतो तिथे. ‘व्हॅन लावू का?’ विचारलं की ‘या की’ म्हणतात. ‘लाइट आहे का?’ विचारलं की ‘आहे ना, पॉइंट काढून दिलाय’ म्हणतात.

आईच्या साठीचं निमित्त होतं. आईला हॉटेलात झोप येत नाही. तंबूत कमरेची काळजी. म्हणून ही भाड्याची व्हॅन. बेड आहे, टॉयलेट आहे, चहा हवा तेव्हा करता येतो. ‘घरच येतंय आपल्याबरोबर’ असं सांगून मी तिला पटवलं होतं.

एक्सप्रेस वेवर खालापूरचा टोलनाका मागे टाकला, खोपोलीला उतरलो आणि पळसदरीच्या रस्त्यानं कर्जतच्या बाजूला निघालो. खोपोलीत घाटावरून खाली येणारे ते जाडजूड पाइप दिसतात ना, ते मी भाचीला दाखवले. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी त्यातून खाली येतं आणि टाटांच्या वीजघरातली चक्रं फिरवतं. हे वीजघर १९१५ चं. मुंबईच्या गिरण्यांना इथून वीज गेली. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं हा पट्टा मुंबईला वीज पुरवतोय. त्याच पट्ट्यात मला एका साध्या सॉकेटनं धडा शिकवावा, हा योगायोगच.

माझी हुशारी

कॅम्पवरचा ‘पॉइंट’ म्हणजे आंब्याच्या झाडाजवळच्या खोलीच्या भिंतीवरचा एक स्विचबोर्ड. त्यात नेहमीचं छोटं सॉकेट, सहा अँपिअरचं. व्हॅनच्या वायरीला होता मोठा प्लग, सोळा अँपिअरवाला. तो अर्थातच बसेना.

पण माझ्या पर्समध्ये कुठल्याशा एअरपोर्टवर घेतलेला अॅडॅप्टर होता. जगातला कुठलाही प्लग कुठल्याही सॉकेटात बसवणारा. बसला! एसी सुरू, फ्रिज सुरू, मोबाइल चार्जिंगला. मी टाळी मागितली, नवऱ्यानं दिली.

त्या एका टाळीत मी दोन चुका केल्या होत्या. पहिली, सहा अँपिअरच्या सॉकेटातून मी सोळा अँपिअरचा संसार चालवायला निघाले होते. दुसरी चूक मोठी होती. अॅडॅप्टरला तीन भोकं होती, पण वरच्या भोकाच्या आत काहीच नव्हतं. नुसतं प्लॅस्टिक.

मुंग्यांनंतर आम्ही पहिलं काम केलं ते भिंतीवरचं बटण बंद करण्याचं. मग प्लग काढला. कॅम्प सांभाळणाऱ्या दादांनी खोपोलीच्या एका वायरमनना फोन लावला. तासाभरात ते बाइकवरून आले. साठीच्या आसपासचे, रेनकोटच्या आत पिशवी जपून धरलेली. त्यांनी आधी चहा घेतला, मग माझा अॅडॅप्टर हातात घेऊन उजेडात धरला.

‘‘ताई, याच्यात अर्थिंगच नाही.’’

मग त्यांनी मेन बंद करून भिंतीवरचं सॉकेट उघडलं. मागे दोनच वायरी होत्या. तिसऱ्या पिनेचा स्क्रू रिकामा! म्हणजे माझा अॅडॅप्टर चांगला असता तरी उपयोग शून्य.

कॅम्पचे दादा म्हणाले, ‘‘काका, चार वर्षं लोक येतायत. कुणाला काही झालं नाही.’’

काकांनी दिलेलं उत्तर मी नंतर ऑफिसात निदान दहा जणांना ऐकवलंय. ‘‘कसं होईल? लोक मोबाइल लावतात, स्पीकर लावतात. त्यांना दोनच पिना. तंबू कापडाचा. आज पहिल्यांदा तुमच्या बोर्डाला अख्खी लोखंडी खोली लावली.’’

टायरचा फंडा

हाच या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून थोडं सावकाश.

तुमच्या घरातल्या फ्रिजची बॉडी लोखंडाची असते. आत एखादी वायर सोलली गेली आणि बॉडीला टेकली, तर बॉडीत वीज येते. अशा वेळी तिसरी पिन कामाला येते. बॉडीतली वीज ती अर्थिंगच्या वायरीनं परत पाठवते, एकदम मोठा करंट वाहतो आणि एमसीबी खट्‌कन पडते. तीन पिनांपैकी वरची पिन लांब आणि जाड असते, तेही उगाच नाही. प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते.

आता व्हॅन बघा. अख्खी लोखंडी आणि उभी आहे चार रबरी टायरांवर. रबर वीज जाऊ देत नाही. त्यामुळे जमिनीशी तिचा संबंध जवळजवळ तुटलेला. तिला जमिनीशी जोडणारा भरवशाचा रस्ता एकच, तिसरी पिन. ती नसेल तर गाडीच्या बॉडीत आलेली वीज तिथेच वाट बघत बसते. कुणीतरी ओल्या मातीवर उभं राहून दाराला हात लावण्याची.

मग आईला मुंग्या कशानं आल्या? आत कुठलीही वायर सोललेली नव्हती. चार्जर, एसी, इंडक्शन यांच्या आत फिल्टर असतात. त्यातून अगदी थोडी वीज बॉडीकडे सरकत असते. अर्थिंग असलं तर ती निमूट निघून जाते, आपल्याला कळतही नाही. नसलं तर बॉडीवर साचते. काकांनी व्हॅनचा प्लग मिनिटभर पुन्हा लावला, आम्हाला दहा पावलं लांब उभं केलं आणि मीटरची एक सुई दाराच्या दांड्याला, दुसरी ओल्या जमिनीत टेकवली. आकडा आला ११० च्या आसपास.

‘‘आता नुसत्या मुंग्या आहेत, कारण याच्यामागे जोर नाही,’’ काका म्हणाले. ‘‘उद्या आत एक वायर सोलली, की हाच आकडा २३० होणार. आणि मग जोर पण असणार.’’

हिशेब सांगते. साधारण एक मिलिअँपिअर करंट अंगातून गेला की मुंग्या जाणवतात. दहाच्या पुढे गेला की स्नायू आवळले जातात आणि धरलेला दांडा सोडता येत नाही. तिसाच्या वर जाऊन तो थोडा वेळ टिकला, तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणून जीव वाचवणारी आरसीसीबी तीस मिलिअँपिअरची असते. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज ती सतत मोजते. हिशेबात तीस मिलिअँपिअरची गळती दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडते.

आमच्या व्हॅनमध्ये आरसीसीबी होती. पण ती पडली नाही, कारण मुंग्यांचा करंट तिच्या मर्यादेच्या खूप खाली होता. आणि अर्थिंग नसताना खरा फॉल्ट झाला असता, तर ती पडली असती कधी? कुणीतरी बॉडीला हात लावल्यावर. म्हणजे टेस्टिंग माणसावर! अर्थिंग असेल तर ती हात लागायच्या आधीच पडते. दोन्ही हवंच. एकाच्या भरवशावर दुसरं सोडायचं नाही.

जुगाड नको!

रात्री गप्पा मारताना आम्ही काकांना एकेक आयडिया ऐकवत होतो आणि ते एकेक खोडून काढत होते.

नवरा म्हणाला, गाडीशेजारी लोखंडाची कांब ठोकून बॉडीला वायर बांधली तर? काका म्हणाले, इथे वीतभर मातीखाली कातळ. हातभर कांबेनं काय होणार? गणित असं की, अशा कांबेचा रेझिस्टन्स पन्नास ओहम धरला तर २३० व्होल्टवर त्यातून साडेचार अँपिअरच जातील. सोळा अँपिअरची एमसीबी त्यावर ढिम्म हलणार नाही आणि बॉडीत वीज तशीच राहील. आरसीसीबी असेल तरच त्याचा उपयोग.

मग मी विचारलं, सॉकेटातच न्यूट्रलची वायर अर्थिंगला जोडली तर? काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘हे करणारे आहेत, ताई. तेच माणूस मारतात.’’ कारण पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीची अख्खी बॉडी थेट २३० वर जाते. आणि गंमत म्हणजे, ऑनलाइन मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर असं सॉकेटही ‘ओके’ दाखवतो. त्याला अर्थिंग आणि न्यूट्रल यातला फरक कळत नाही. म्हणून टेस्टर जवळ ठेवा, पण तो ‘ओके’ म्हणाला तरी बोर्ड कुणी आणि कसा जोडलाय ते विचारा. स्क्रूड्रायव्हरसारखा साधा टेस्टर तर फक्त फेज कुठे आहे ते सांगतो. अर्थिंगबद्दल तो काहीच सांगत नाही.

लग्नाच्या मांडवात चालतं तसं, सोललेल्या वायरी सॉकेटात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकणं? त्यावर काकांनी नुसतं बघितलं.

इंडक्शन, किटली आणि एसी

त्या रात्री आम्ही वीज जोडलीच नाही. व्हॅनमध्ये दोन वेगळे संसार असतात, हे मला तेव्हा नीट कळलं. दिवे, छोटा पंखा आणि पाण्याचा पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एसी, इंडक्शन आणि किटलीला २३० व्होल्ट लागतात. पहिल्या संसारावर एक रात्र मजेत निघते. अर्धवट परतलेला कांदा कॅम्पच्या चुलीवर गेला, आणि पिठलं असं झालं की आईनं स्वतःहून दुसऱ्यांदा घेतलं.

सकाळी काका पुन्हा आले. मेन बोर्डापासून तीन कोअरची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, मोठं सॉकेट बसवलं आणि त्याच्यामागे एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली. खोलीमागचा अर्थिंगचा खड्डा उघडला, तर आतून कोरडा ठणठणीत. एक पाऊस पडून गेला तरी ओल तिथवर पोचली नव्हती. कोळसा-मीठ नव्यानं भरलं, चार बादल्या पाणी ओतलं. उन्हाळ्यात अशा खड्ड्याला पाणी घालायचं असतं, हे कॅम्पच्या दादांनाही नवीन होतं. मग काकांनी मीटरनं मोजलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६. फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट. ‘‘असं दिसलं पाहिजे,’’ म्हणाले. शेवटी फेज आणि अर्थिंगमध्ये एक बल्ब लावला. तो पेटायच्या आत आरसीसीबी पडली आणि काका पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी मला शाळेतलं गणित घातलं. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर. एसी साधारण १२०० वॅट, किटली १५००, इंडक्शन २०००. बेरीज ४७००, म्हणजे वीस अँपिअरच्या वर. सॉकेट सोळाचं. तेव्हा चहा होईपर्यंत एसी बंद. एवढं साधं आहे, पण आदल्या संध्याकाळी मी एसी आणि इंडक्शन एकाच वेळी लावून बसले होते, तेही सहा अँपिअरच्या सॉकेटावर. हात लावून बघितला तेव्हा बोर्ड कोमट लागला होता. मला वाटलं, उन्हानं तापलाय. आभाळ भरून आलेलं असताना!

एक्स्टेन्शनचंही तसंच. गोल रिळावर गुंडाळलेली बारीक वायर दिसायला सुटसुटीत असते. पण एक स्क्वेअर एमएमची पंचवीस मीटर वायर घ्या आणि त्यातून दहा अँपिअर जाऊ द्या. वायरीतच नव्वद वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. जमिनीवर पसरली असेल तर निघून जाते. रिळावर गुंडाळलेली असेल तर? पूर्वीचा शंभरचा पिवळा बल्ब गुंडाळीच्या आत पेटता ठेवल्यासारखं. वरचं प्लॅस्टिक वितळतं आणि तिथून आग. म्हणून वायर जाड हवी आणि रीळ पूर्ण उलगडायचं, गरज पाच मीटरचीच असली तरी.

बाहेर काय करतात?

मुंबईला परतल्यावर अमेरिकेतल्या चुलतभावाला फोनवर ही स्टोरी सांगितली. ते लोक दर उन्हाळ्यात आरव्ही घेऊन फिरतात. तो म्हणाला, आमच्याकडे याला ‘हॉट स्किन’ म्हणतात. तिकडच्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेशेजारी एक खांब असतो, त्यात तीस किंवा पन्नास अँपिअरची खास सॉकेटं आणि प्रत्येकाचा वेगळा ब्रेकर. तिथली साधी लाइन १२० व्होल्टची. युरोपात आपल्यासारखीच २३० व्होल्टची लाइन. तिथल्या कॅम्पसाइटवर निळं, गोल, झाकणाचं सॉकेट असतं. तीन पिना एकाच पद्धतीनं बसतात, पाऊस आत जात नाही. हे निळं सॉकेट आपल्याकडेही इलेक्ट्रिकलच्या दुकानात इंडस्ट्रियल सॉकेट म्हणून मिळतं. कॅम्प चालवणाऱ्यांनो, वाचताय ना? स्विमिंग पूलपेक्षा खूप स्वस्त पडेल.

भावाचा एक नियम मात्र मी तसाच उचललाय. तो आधी बटण बंद करतो, मग वायर गाडीला जोडतो आणि त्यानंतर खांबाला. निघताना उलट. बटण बंद, आधी खांबाकडून काढायची, मग गाडीकडून. फंडा सोपा आहे. वीज असलेलं सुटं टोक हातात घेऊन चिखलातून चालायचं नाही. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कुणी दिली तर ती हातातसुद्धा घ्यायची नाही. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांमध्ये जिवंत वीज!

लाइट गेली तर?

पावसाळ्यात या भागात लाइट जाते, आणि मग कॅम्पवर जनरेटर सुरू होतो. तेव्हा दोन गोष्टी. छोट्या पोर्टेबल जनरेटरला बऱ्याचदा अर्थिंगचा पत्ता नसतो, त्यामुळे व्हॅनमधल्या आरसीसीबीचा भरवसा धरता येत नाही. वायरमननं नीट जोडून दिलेला असेल तरच लावा. दुसरी त्याहून महत्त्वाची. जनरेटर व्हॅनच्या दाराखिडकीजवळ कधीच नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

लाइट परत येते तेव्हाही गडबड करू नका. गावाकडच्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलेलं मी स्वतः पाहिलंय. अशा वेळी एसीचा कॉम्प्रेसर तापतो. उलट थ्री फेजच्या लाइनवर कुठे न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं आणि आतलं सगळं जळून जातं. सॉकेटात लावायचा छोटा व्होल्टमीटर घ्या. २१० ते २५० च्या मध्ये आकडा स्थिर असेल तरच जोडा. विजा कडाडायला लागल्या तर प्लग काढून ठेवा आणि पत्ते खेळा.

चौकट : पाच मिनिटांचा चेक

• बुकिंग करताना विचारा : सोळा अँपिअरचं सॉकेट आहे का? अर्थिंग आहे का? आरसीसीबी आहे का? ‘लाइट आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

• पोचल्यावर आधी बोर्ड बघा. काळवंडलेलं सॉकेट, ढिली पिन, उघडी वायर दिसली तर जोडू नका.

• सॉकेट टेस्टर आणि व्होल्टमीटर लावा. आरसीसीबीचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. ती पडायलाच हवी.

• ट्रॅव्हल अॅडॅप्टर आणि दोन पिनांचे प्लग घरी ठेवा.

• तीन कोअरची अडीच स्क्वेअर एमएमची वायर, पूर्ण उलगडलेली. जोड जमिनीपासून वर, डबक्यात नाही. प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळून सॉकेटात शिरणार नाही.

• जोडून झाल्यावर पहिला हात मुलांचा नको! आधी कोरड्या चपला घालून बॉडी टेस्टरनं बघा. जराही मुंग्या आल्या तर भिंतीवरचं बटण बंद. कारण नंतर शोधा.

• कुणी चिकटलंच तर त्याला धरू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं त्याला दूर करा. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर द्या आणि १०८ ला फोन करा. विजेची तार तुटून पडली असेल तर लांब राहा आणि १९१२ वर कळवा.

• बोर्डाला हात लायसन्स असलेल्या वायरमननंच लावायचा. यूट्यूब बघून नाही.

पायरीवरचा चहा

रविवारी दुपारी निघायच्या आधी आईनं स्वतः चहा केला. किटली लावताना तिनं आधी एसी बंद केला. मी सांगितलं नव्हतं. मग कप घेऊन ती दाराच्या पायरीवर बसली आणि चढताना तो स्टीलचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी बघत होते. तिला ते कळलं.

‘‘नाही येत आता मुंग्या,’’ ती म्हणाली.

काकांचे पैसे कॅम्पच्या दादांनी दिले. जरा कुरकुरत, पण दिले. निघताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘ताई, आईंनी बोलून दाखवलं म्हणून. लोक बोलत नाहीत. हात झटकतात आणि परत लावतात.’’

घाट मागे टाकून खोपोलीचे पाइप पुन्हा दिसेपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. आईनं सांगितलं होतं आणि मी तिला पाय लटकवून बसण्याचं कारण चिकटवलं होतं. तर मंडळी, या वीकएंडला कुणी म्हणालं की गाडीला हात लावल्यावर मुंग्या येतायत, तर हसू नका. आधी बटण बंद करा. मग तिसरी पिन शोधा.